कॅन्सरची ट्रायल : नाव घालण्याआधी आणि घातल्यावर (मराठवाड्यातून ये-जा करणाऱ्यांसाठी)

गोदाकाठ

"डॉक्टर ट्रायलमध्ये नाव घाला म्हणतात, घालावं का?" हा प्रश्न इथं सारखा येतो. मग निम्मे लोक "फुकट औषध मिळतं, घाला" म्हणतात आणि निम्मे "माणसाचा उंदीर करतील" लिहून मोकळे होतात. पेशंटला दोन्हीचा उपयोग नाही. या धाग्यात फक्त कामाचं लिहा : काय असतं, कसं चालतं, कुठं अडतं. स्वतःच्या घरच्या कहाण्या दुसऱ्या धाग्यावर.

सुरुवात करतो. घालावं का हे ठरवायच्या आधी ट्रायल, म्हणजे औषध पेशंटमध्ये तपासून बघायचा अभ्यास, नेमकी कशाची आहे ते विचारा, कारण एका शब्दाखाली चार वेगळ्या गोष्टी खपतात.

नव्या औषधाची फेज ३ ट्रायल, म्हणजे चालू उपचाराशी नव्याची तुलना, हे बहुतेकांना माहीत असतं. फेज १ मध्ये मुख्य प्रश्न डोस किती सोसतो हा असतो, गाठ कमी होईल का हा त्यानंतरचा. तिसरा प्रकार बीई (बायोइक्विव्हॅलन्स, म्हणजे दोन कंपन्यांचं औषध शरीरात सारखंच वागतं का) स्टडीचा. यात औषध जुनंच असतं, फक्त दुसऱ्या कंपनीनं बनवलेलं. लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन किंवा कॅपेसिटाबिनसारखी किमो निरोगी माणसाला देऊन बघता येत नाही, म्हणून ती पेशंटमध्येच तपासतात. एका सायकलला, म्हणजे किमोच्या एका फेरीला, मूळ कंपनीचं औषध, दुसऱ्याला नव्या कंपनीचं, आणि दोन्ही वेळा हाताला सुई ठेवून ठरलेल्या वेळी थोडं थोडं रक्त. इथं आजाराला नवीन काही मिळत नाही. त्या दोन सायकलींचं औषध मिळतं. म्हणून विचारायचं ते हे : तिसऱ्या सायकलपासून औषध कुणाचं, खर्च कुणाचा? हे न विचारता सही केली की दोन महिन्यांनी घरात गोंधळ होतो.

चौथा प्रकार डॉक्टरांनी किंवा संस्थेनं स्वतः काढलेल्या ट्रायलचा. याला कमी लेखू नका. मुंबईच्या टाटा मेमोरियलनं डोकं-मानेच्या कॅन्सरमध्ये निव्होलुमॅब हे इम्युनोथेरपीचं (शरीराची प्रतिकारशक्ती जागवणारं) औषध फक्त २० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी, तोंडावाटे घ्यायच्या स्वस्त औषधांसोबत देऊन बघितलं. नेहमीचा डोस २४० मिलिग्रॅम, तोही दर दोन आठवड्यांनी. १५१ पेशंट होते. एक वर्ष जगणाऱ्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. कुठली कंपनी स्वतःच्या औषधाचा डोस बारा पटीनं कमी करून बघणार आहे, सांगा!

कुठल्याही प्रकारची असो, सीटीआरआय (भारतातल्या ट्रायलची नोंदवही) नंबर मागा. भारतात १५ जून २००९ पासून ट्रायलची नोंदणी सक्तीची आहे. नंबरात वर्ष, महिना आणि पुढं सहा आकडे असतात. तो साइटवर टाकला की कुठल्या हॉस्पिटलात चालू आहे, किती पेशंट घेणार, कुणाला घेणार नाही, सगळं दिसतं. नंबर सांगायला का-कू करणारा आणि औषधाचे पैसे मागणारा "संशोधन उपचार", विशेषतः स्टेम सेलच्या नावाखालचा, दिसला की चप्पल घालायची आणि निघायचं.

मोसंबीबाग

साखरेची गोळी देतात हे खरं का? अर्ध्या लोकांना खरं औषध आणि अर्ध्यांना काहीच नाही, असं असेल तर कामून जायचं?

गोदाकाठ

प्लासिबो असतो, पण कॅन्सरमध्ये बहुतेक वेळा चालू उपचाराच्या वर. म्हणजे एका गटाला किमो अधिक नवी गोळी, दुसऱ्याला तीच किमो अधिक तशीच दिसणारी रिकामी गोळी. नुसता प्लासिबो असतो तो जिथं नेहमीच्या पद्धतीत फक्त लक्ष ठेवून थांबायचं असतं किंवा देण्यासारखं काही उरलेलंच नसतं तिथं. संमतीपत्रात "गट" किंवा "आर्म" या मथळ्याखाली हे लिहिलेलं असतं. दोन्ही गटांना काय मिळणार ते बोट ठेवून वाचून घ्या.

कोण कुठल्या गटात हे कॉम्प्युटर ठरवतो. "साहेबांना सांगून नव्या औषधात घाला" ही वशिलेबाजी इथं चालत नाही. डॉक्टरला ते आधी कळतच नाही, आणि दोन्ही बाजूंना झाकलेली ट्रायल असेल तर नंतरही नाही. जिवावर बेतलं आणि उपचारासाठी कळणं गरजेचं असेल तर तातडीनं उघडायची सोय मात्र असते.

उदगीरकर

आता सगळ्यात जास्त माणसं गळतात ती पायरी : स्क्रीनिंग. सही केली म्हणजे ट्रायल लागली असं होत नाही. सहीनंतर तपासण्या होतात आणि आकडे बसले तरच आत. साधारणपणे हिमोग्लोबिन ९ च्या वर, प्लेटलेट १ लाखाच्या वर, न्यूट्रोफिल (इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) १५०० च्या वर, बिलिरुबिन नॉर्मलच्या दीडपटीच्या आत असं मागतात. प्रत्येक ट्रायलचे आकडे वेगळे, पण याच्या आसपास. पेशंट हिंडता-फिरता, निदान हलकी कामं करू शकणारा लागतो. फाइलवर ईसीओजी ० किंवा १ लिहितात ते हेच.

आपल्याकडच्या माणसांची विकेट जाते क्रिएटिनिनवर, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणाऱ्या रक्ताच्या आकड्यावर. एप्रिल-मे मध्ये रात्रभर एसटीत बसून, लघवीला उतरावं लागू नये म्हणून पाणी न पिता, वर "रक्त द्यायचंय, उपाशी या" म्हटल्यावर निर्जळी करून माणूस सकाळी सुईपुढं बसतो. क्रिएटिनिन चढलेलं निघणारच.

मूत्रपिंडं किती काम करतात याचा हिशोब असा. १४० मधून वय वजा करा, वजनानं गुणा, आणि ७२ गुणिले क्रिएटिनिन यानं भागा. बाई असेल तर आलेल्या आकड्याला ०.८५ नं गुणा. ६० वर्षांचा, ४८ किलोचा माणूस, क्रिएटिनिन १.३ : उत्तर ४१. तोच माणूस नीट पाणी प्यालेला, क्रिएटिनिन १.० : उत्तर ५३. बऱ्याच ट्रायलची मर्यादा ५० असते. म्हणजे मूत्रपिंडं तीच, माणूस तोच, एकदा बाहेर आणि एकदा आत. उपाशीपोटी म्हणजे अन्न नाही. साधं पाणी चालतं का ते कोऑर्डिनेटरला आदल्या दिवशी फोन करून विचारा, बहुतेकदा चालतं. मात्र हृदय किंवा मूत्रपिंडाच्या त्रासामुळं पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल त्यांनी हे मनानं करू नये.

दुसरी अडचण तारखांची. सिटी स्कॅन बहुधा पहिल्या डोसच्या आधीच्या २८ दिवसांतलाच चालतो, आणि आधीची किमो संपून ठरलेला काळ जावा लागतो. या दोन तारखांच्या मधे पेशंट बसवायचा असतो. म्हणून ट्रायलचा विषय निघाला असेल तर गावाकडं घाईनं स्वतःच्या पैशानं स्कॅन काढू नका. तो ट्रायलच्या पद्धतीनं नसेल तर पुन्हा काढावा लागतो.

तेरणाकाठी

ब्लॉकचं कुणीच लिहिलं नाही. पहिली बायोप्सी जिथं झाली तिथल्या लॅबमध्ये गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात ठेवलेला असतो, तो ब्लॉक. ट्रायलवाले तो मागतात किंवा त्याच्या न रंगवलेल्या १०-१५ स्लाइड मागतात. बायोप्सी तालुक्याला, रिपोर्ट तिसऱ्याच शहरातल्या लॅबचा, असं असेल तर ब्लॉक शोधण्यातच स्क्रीनिंगचे दिवस संपतात. म्हणून रिपोर्टवरचा बायोप्सी नंबर, लॅबचं नाव, पेशंटचं ओळखपत्र आणि हॉस्पिटलचं मागणीपत्र एवढं घेऊन आधी लॅबला जा. ब्लॉक देताना लॅब सही घेते. परत मिळणार का, कधी, हे ट्रायलवाल्यांकडून लिहून घ्या, कारण पुढं कधी जीन तपासणी करायची झाली तर तोच लागतो.

आणि उन्हाळ्यात जपून. हे मेण साधारण ५६ ते ६० अंशांना वितळतं. मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर त्याहून जास्त तापतं. ब्लॉक छोट्या डबीत, डबी अंगाजवळच्या पिशवीत, पिशवी सावलीत. बर्फात ठेवायची गरज नाही, ओलही लागू देऊ नका.

औषधवाला परभणी

गोळ्यांबद्दल. ट्रायलची गोळी घरी येते तेव्हा तीच डबी, तेच झाकण, आतली ती छोटी पांढरी पुडी तशीच राहू द्या. स्टीलच्या डब्यात सगळ्यांची औषधं एकत्र करायची सवय इथं सोडा. लेबलवर "२५ अंशांखाली" असेल आणि बाहेर ४३ असेल, तर काय करायचं हे औषध घेतानाच विचारा. काही गोळ्या फ्रिजमध्ये चालतात, काहींना ओल बाधते. माठाजवळ गार असतं पण दमट असतं, तिथं ठेवू नका. घरी फ्रिज नसेल तर ते स्पष्ट सांगा, कमी दिवसांचा साठा देता येतो का बघतात.

इंजेक्शन २ ते ८ अंशांचं असेल तर फ्रिजच्या मधल्या फळीवर. दारात नको, बर्फाच्या कप्प्याला लागून तर मुळीच नको. प्रथिनाचं औषध गोठलं की गेलं, मग वितळवून उपयोग नाही. प्रवासात थंड पिशवी वापरताना जेलचा पॅक फडक्यात गुंडाळा. लाइट गेली तर फ्रिज उघडू नका, बंद फ्रिज साधारण चार तास तग धरतो. त्यापेक्षा जास्त गेली तर औषध वापरायच्या आधी फोन.

डोस चुकला तर पुढच्या वेळी दोन घेऊ नका. उलटी झाली तर पुन्हा घ्यायची का हे ट्रायलच्या कागदावर लिहिलेलं असतं, बहुतेक ठिकाणी "पुन्हा घेऊ नका" असतं. आणि चुकलेला डोस वहीत चुकला म्हणूनच लिहा. लोक काय करतात, व्हिजिटच्या आदल्या रात्री सगळ्या रकान्यांत एकाच पेनानं टिक मारतात आणि उरलेल्या गोळ्या उकिरड्यावर टाकतात, कोऑर्डिनेटर रागावेल म्हणून. कुणी रागावत नाही. उरलेल्या गोळ्या आणि रिकामी पाकिटं मोजायचीच असतात. खोटी टिक लागली की त्रास कशामुळं झाला हे डॉक्टरला कळत नाही आणि डोस कमी करायचा तर तो चुकीच्या हिशोबावर होतो.

रक्तातलं औषध मोजायचा दिवस असेल तर त्या सकाळची गोळी घरी घ्यायची नाही, सोबत न्यायची. पहिलं रक्त गोळीच्या आधीचं असतं. घरून घेऊन गेलात तर अख्खा दिवस वाया.

जेवणाचा संबंध नीट समजून घ्या. कॅपेसिटाबिन जेवणानंतर अर्ध्या तासात. अबिराटेरॉन नेमकं उलटं : नेहमीच्या पूर्ण डोसला खाल्ल्यानंतर दोन तासांनी घ्यायचं आणि नंतर एक तास काही खायचं नाही. चहा-खारी हेही खाणंच. तेलकट जेवणासोबत हे औषध रक्तात दहापट चढू शकतं. नवरात्र, श्रावणी सोमवार, एकादशी, रोजा, काहीही असेल तर आधी सांगा. जेवणासोबतची दोन वेळची गोळी उपवासात बसवता येते का ते डॉक्टर ठरवतील, आपण वेळा सरकवायच्या नाहीत.

मोसंबीबाग

कागदावर लिंबूवर्गीय फळ खाऊ नका असं असतं म्हणतात. मग मोसंबीचं काय? जालन्यात राहून मोसंबी सोडायची म्हणजे लईच झालं.

औषधवाला परभणी

मोसंबीला सहसा हरकत नसते. बंदी ग्रेपफ्रूटवर असते, आणि पपनसातही तशीच द्रव्यं असतात म्हणून तेही बंद. ही फळं आतड्यातलं औषध मोडणारं एन्झाइम अडवतात, त्यामुळं औषध रक्तात वाढतं. त्याच वाटेनं बुरशीचं इट्राकोनाझोल आणि अँटिबायोटिकपैकी क्लॅरिथ्रोमायसिन औषध वाढवतात. फिटचं फेनिटोइन आणि टीबीचं रिफाम्पिसिन उलट औषध खलास करतात. पित्ताची पँटोप्राझोल साधी वाटते, पण एर्लोटिनिब, दसाटिनिब अशा गोळ्या शोषल्या जायला पोटात आम्ल लागतं. मेडिकलवर "काहीतरी द्या ॲसिडिटीला" म्हणायच्या आधी विचारा.

बालाघाट

गुळवेल, अश्वगंधा, हळदीच्या कॅप्सूल यांचं सांगा. डॉक्टर सरसकट नको म्हणतात. आयुर्वेदाचा राग असतो असं वाटतं.

औषधवाला परभणी

राग वगैरे काही नाही. गुळवेल घेणाऱ्यांत लिव्हरला सूज आल्याच्या नोंदी भारतातल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये छापल्या आहेत, अश्वगंधेच्याही आहेत. ट्रायलमध्ये लिव्हरचे आकडे चढले की संशय आधी ट्रायलच्या औषधावर जातो, ते थांबवलं जातं आणि काढा घरात चालूच राहतो. भाजीतली हळद कुणी बंद करत नाही, कॅप्सूलमधली वेगळी.

बालाघाट

हे पटलं. पण मग विचारतानाही तसं विचारा. "काही औषध घेता का" म्हटलं की गावाकडचा माणूस काढा धरतच नाही. "सकाळी उपाशीपोटी काय घेता, मुळी-भस्म-चूर्ण काय चालू आहे" असं विचारलं की सगळं बाहेर येतं. घरच्यांनीच बाटल्या, पुड्या पिशवीत घालून न्याव्यात. तंबाखू, मिश्रीसुद्धा लपवू नये.

शिफ्ट संपली

घरी त्रास झाला तर काय, यावर लिहिते. ट्रायलचं कार्ड मिळतं, त्यावर औषधाचं किंवा ट्रायलचं नाव आणि २४ तासांचा फोन असतो. ते पाकिटात, एक फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये.

ताप : थर्मामीटर घ्या, हात लावून कळत नाही. एकदाच १०१ फॅरेनहाइट, किंवा १००.४ तासभर टिकला तर तो किमोच्या पेशंटसाठी तातडीचा प्रकार आहे. आधी पॅरासिटामॉल देऊन "उतरला" म्हणू नका, ताप झाकला जातो आणि आतलं इन्फेक्शन चालू राहतं. न्यूट्रोफिल ५०० च्या खाली असताना ताप आला तर तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक लागतं. रात्री दोन वाजता संभाजीनगर गाठायचा हट्ट करू नका. जवळ जिथं सलाईन आणि अँटिबायोटिक मिळेल तिथं दाखल व्हा आणि तिथून फोन लावून डॉक्टरचं डॉक्टरशी बोलणं करून द्या. रक्ताचे नमुने आधी घ्यावेत, पण त्यासाठी पहिला डोस अडवून ठेवू नये.

तालुक्याच्या डॉक्टरला दोन गोष्टी आवर्जून सांगा. प्लेटलेट कमी असतील तर कमरेत इंजेक्शन नको, आत रक्त साकळतं. आणि फोनवर विचारल्याशिवाय डेक्सा (स्टिरॉइड) नको. आपल्याकडं अंगदुखी-तापाला सलाईनमध्ये डेक्सा सर्रास जातं, पेशंटला दोन दिवस टवटवीत वाटतं. इम्युनोथेरपीच्या ट्रायलमध्ये त्यानं उपचारातच ढवळाढवळ होते. जिवाचा धोका असेल तर अर्थातच देतील, तेव्हा थांबायचं नाही.

जुलाब : नेहमीपेक्षा दिवसाला किती जास्त, ते मोजा. या जादाच्या शौचा चारपेक्षा कमी असतील तर ग्रेड १, चार ते सहा ग्रेड २, सात किंवा जास्त ग्रेड ३. फोनवर "लई जुलाब झाले" ऐवजी "रोज एक व्हायची, आज सहा झाल्या, रक्त नाही, रात्री दोनदा उठले" असं सांगितलं की समोरच्याला लगेच निर्णय घेता येतो. किमोच्या जुलाबाला लोपेरामाइड सुरुवातीला ४ मिलिग्रॅम, मग प्रत्येक पातळ शौचानंतर २, दिवसात १६ च्या वर नाही, अशी नेहमीची पद्धत. इम्युनोथेरपीच्या जुलाबाला मात्र हे घरी सुरू करू नका. तिथं आतड्याला सूज असते आणि गोळीनं ती झाकली जाते. नेमका कुठला उपचार चालू आहे माहीत नसेल, झाकलेली ट्रायल असेल, तर आधी फोनच.

तोंड आलं तर लिटरभर पाण्यात एक चमचा मीठ, एक चमचा खायचा सोडा, दिवसातून चार-सहा वेळा गुळण्या, गिळायचं नाही. ज्वारीची आंबील निवलेली चालते, ठेचा-येसर काही दिवस बाजूला. नाकातून नळी असेल तर ट्रायलची गोळी कुटून घालू नका. काही गोळ्यांचं आवरणच औषध हळू सुटण्यासाठी असतं.

कलमबहाद्दर

वरच्या प्रतिसादाला जोडून. रात्रभर जरी दाखल झालात तरी ट्रायलच्या भाषेत ती गंभीर घटना असते. डॉक्टरांना ती कळल्यावर २४ तासांत केंद्रीय औषध नियंत्रकांना, कंपनीला आणि एथिक्स कमिटीला (ट्रायलमधल्या पेशंटच्या हिताचं बघणारी समिती) कळवावी लागते आणि १४ दिवसांत कारणमीमांसा द्यावी लागते. म्हणून पुढच्या तारखेला सांगू म्हणून थांबू नका. डिस्चार्ज कार्ड, लॅबचे कागद, मेडिकलच्या पावत्या सगळं जपा. बिनपावतीचा खर्च मागता येत नाही.

कायदा आहे १९ मार्च २०१९ चा, नवी औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियम. त्यातलं पेशंटच्या कामाचं एवढं : ट्रायलमध्ये इजा झाली तर ती ट्रायलमुळं नाही असं ठरेपर्यंत किंवा गरज असेपर्यंत, यातलं आधी होईल तोवर, उपचार फुकट. ट्रायलमुळं झाली असं ठरलं तर वर भरपाई वेगळी. मृत्यूच्या भरपाईचं सूत्र : ८ लाख गुणिले वयाचा आकडा गुणिले जोखमीचा आकडा, भागिले ९९.३७. वयाचा आकडा ५० व्या वर्षी १५३.०९, ६५ च्या पुढं ९९.३७. जोखमीचा आकडा सहा महिन्यांपेक्षा जास्त जगण्याची अपेक्षा नसेल तर ०.५, सहा ते चोवीस महिने असेल तर १, पुढं वाढत निरोगी माणसाला ४. म्हणजे पन्नाशीचा, आकडा १ असलेला पेशंट : सुमारे १२ लाख ३२ हजार. आदेश आल्यावर कंपनीनं ३० दिवसांत द्यायचे. आजारच वाढून माणूस गेला तर ही भरपाई लागू होत नाही. हे कटू आहे, पण आधी माहीत असलेलं बरं.

गोदाकाठनी लिहिलेल्या चौथ्या प्रकाराला, म्हणजे मंजूर औषध घेऊन संस्थेनं काढलेल्या शैक्षणिक ट्रायलला, वेगळे नियम आहेत. तिला एथिक्स कमिटीची मंजुरी लागते, औषध नियंत्रकांची लागतेच असं नाही, आणि औषध फुकट असेलच असंही नाही. इजा झाली तर खर्च कोण करणार हे तिथं सहीआधी वाचा.

संमतीपत्र मराठीत मागा, ते द्यावंच लागतं. कोपऱ्यात आवृत्ती क्रमांक आणि तारीख असते. सही केलेली एक प्रत तुमची. नवी माहिती आली की नवी आवृत्ती येते आणि पुन्हा सही घेतात, ती नुसती "रुटीन सही" म्हणून करू नका, काय बदललं ते विचारा. वाचता न येणाऱ्या पेशंटसोबत पूर्ण वेळ एक तटस्थ साक्षीदार लागतो, तो ट्रायलच्या टीममधला चालत नाही. नव्या रेणूच्या, म्हणजे अगदी नव्या औषधाच्या, ट्रायलमध्ये दुर्बल गटातल्या माणसाची संमती घेताना व्हिडिओ काढतात, त्याला घाबरायचं नाही, तो तुमच्याच बाजूचा पुरावा आहे.

एथिक्स कमिटीचा नंबर त्याच कागदावर असतो. कमिटीत किमान सात माणसं, निम्मी तरी हॉस्पिटलबाहेरची. डॉक्टरशी जमत नसेल तर तिथं फोन करता येतो, त्यासाठी वकील लागत नाही.

उदगीरकर

बाहेर पडण्याबद्दलही लिहा. लोक फोन उचलणं बंद करतात, तेच त्यांना बाहेर पडणं वाटतं.

कलमबहाद्दर

केव्हाही पडता येतं, कारण न देता, आणि नेहमीचा उपचार बंद करता येत नाही. पण दोन पायऱ्या आहेत. औषध नको पण तपासण्या-फोन चालू ठेवा, ही एक. काहीच नको, ही दुसरी. पहिली निवडली तर त्रासावर लक्ष राहतं. काही औषधं एकदम सोडायची नसतात, म्हणून पुढं यायचं नसलं तरी शेवटची तपासणी करून घ्या. आधी जमा झालेली माहिती मात्र ट्रायलमध्येच राहते.

बालाघाट

ऊसतोडीचा प्रश्न कुठल्याच माहितीपत्रकात नसतो. बीड, धारूर, केजकडची माणसं दसरा-दिवाळीला टोळीबरोबर निघतात, मार्च-एप्रिलला परततात. उचल घेतलेली असते. पेशंट जात नसला तरी त्याला नेणारा-आणणारा माणूस जातो. ट्रायलच्या तारखेला मागं-पुढं दोन-तीन दिवसांचीच सूट असते. म्हणून सहीआधी सगळ्या व्हिजिटचा तक्ता मागा आणि त्यावर घरचं वर्ष बसवून बघा : सोयाबीनची काढणी, तोड, लग्नसराई, वारी. कारखान्याच्या भागात त्याच ट्रायलचं केंद्र असेल तर तिकडं बदली मिळते का, हेही आधीच विचारायचं. नंतर विचारलं तर कागद हलायला वेळ लागतो. रक्त गावच्या लॅबमध्ये देऊन भागेल असं धरू नका, बऱ्याच ट्रायलचे नमुने त्यांच्याच किटमधून एका ठरलेल्या लॅबला जातात.

संपर्कासाठी दोन नंबर द्या, एक गावात राहणाऱ्या नातेवाइकाचा. मुकादमाचा देऊ नका. आजाराची बातमी कामाच्या ठिकाणी आपल्या आधी पोचते.

तेरणाकाठी

प्रवासाचं थोडक्यात. कॅन्सर पेशंटला रेल्वेत उपचारासाठी जाताना-येताना स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सूट, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के. हॉस्पिटलचं ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं आणि तिकीट आरक्षण खिडकीवर काढायचं. देवगिरी, नंदीग्राम किंवा लातूर-मुंबईला शेवटच्या दिवशी जागा मिळत नाही, म्हणून तक्ता मिळाला की लगेच तिकिटं काढा. मुंबईत परळच्या टाटा हॉस्पिटलला जायचं तर दादरला उतरा. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आणि ७५ च्या पुढं फुकट आहेच.

ट्रायल प्रवासखर्च देते का, किती, जेवण धरून का, सोबत्याचा देते का, रोख की खात्यात, हे संमतीपत्रात असतं. बहुतेकदा खात्यात जातं, म्हणून पेशंटचं बंद पडलेलं खातं आधी चालू करा. औषध आणि ट्रायलसाठीच्या जादा तपासण्या फुकट असल्या तरी नेहमीच्या उपचाराचा भाग फुकट असेलच असं नाही. तो महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून बसतो का हे हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला विचारा, आणि हे सहीच्या आधी. नंतर "हे ट्रायलमध्ये नव्हतं" ऐकायची पाळी येते.

मोसंबीबाग

एक शेवटचं. गाठ सुरुवातीपेक्षा लहान आहे तरी "आजार वाढला" म्हणून ट्रायलमधून काढलं, असं कसं काय?

उदगीरकर

मोजणी सगळ्यात कमी आकड्यापासून होते, सुरुवातीपासून नाही. जास्तीत जास्त पाच गाठी धरतात, एका अवयवातल्या दोनपेक्षा जास्त नाहीत, त्यांच्या लांबीची बेरीज करतात. समजा सुरुवात ८० मिलिमीटर. औषधानं ५२ वर आली, म्हणजे ३० टक्क्यांहून जास्त घट, हा प्रतिसाद. पुढच्या स्कॅनला ६३. सुरुवातीपेक्षा कमीच, पण ५२ पासून ११ नं वाढली. ५२ चे २० टक्के १०.४, आणि वाढ ५ मिलिमीटरपेक्षा जास्त. दोन्ही अटी पुऱ्या, म्हणजे आजार वाढला. कुठंही नवी गाठ दिसली तरी तेच. इम्युनोथेरपीत कधी कधी आधी सूज येऊन मग गाठ बसते, म्हणून काही ट्रायल चार ते आठ आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करून मगच ठरवतात. तुमच्या ट्रायलमध्ये तशी सोय आहे का, विचारा. दोन स्कॅन वेगळ्या मशीनवर, एक कॉन्ट्रास्ट देऊन आणि एक न देता काढले तर मोजणीच चुकते, त्यामुळं "जवळच्या सेंटरवर काढून आणतो" हे टाळा.

कलमबहाद्दर

आणि उलटं, म्हणजे औषध लागू पडतंय पण ट्रायल संपली, तर : डॉक्टरनं शिफारस करायची, एथिक्स कमिटीनं मंजूर करायची, पेशंटनं लेखी द्यायचं की ट्रायलनंतरच्या वापराची जबाबदारी कंपनीवर नाही. मग औषध पुढं फुकट मिळू शकतं. ही प्रक्रिया शेवटच्या डोसनंतर सुरू केली तर मधे खंड पडतो. शेवटचे दोन-तीन महिने राहिले की विषय काढा.

गोदाकाठ

कलमबहाद्दर, बीई स्टडीवाल्यांना हे फारसं लागू होणार नाही, कारण तिथलं औषध बाजारात असतंच. त्यांनी तिसऱ्या सायकलच्या औषधाची सोय फुले योजनेतून पहिल्या सायकललाच लावून ठेवावी. योजनेच्या मंजुरीला दिवस लागतात आणि किमोची तारीख तोवर थांबत नाही. लागणारे कागद : रेशन कार्ड, आधार, बायोप्सी रिपोर्ट, आणि ट्रायलमध्ये आतापर्यंत काय दिलं त्याचा डॉक्टरांच्या सहीचा सारांश. हा सारांश मागितल्याशिवाय कुणी देत नाही.